शिशिरभाऊंचं एअरबॅगचं कपाट

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या रायपूरच्या मंडळाचे वडीलधारे आदरणीय बाबारावजी, व्यासपीठावर विराजमान सर्व पदाधिकारी, कायमचे नाशिकला निघालेले आणि ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते शिशिरभाऊ, त्यांच्या शेजारी बसून मघापासून माझ्याकडे 'आवर बाई लवकर' अशा नजरेनं पाहणाऱ्या विनोदिनी वहिनी, सूत्रसंचालन करणारी आमची मीनल, सभागृहातल्या माझ्या बंधूंनो आणि भगिनींनो, आणि मागच्या खुर्च्यांवर बसून मराठी ऐकणाऱ्या पण हिंदीत हसणाऱ्या पोट्ट्या-पोट्ट्यांनो, तुम्हा सर्वांना माझा सविनय नमस्कार.

माझ्या आधी जे वक्ते बोलले, त्यांनी भाऊंच्या तबल्याबद्दल सांगितलं, गणपतीच्या मांडवात त्यांनी उभ्या केलेल्या वीजव्यवस्थेबद्दल सांगितलं, कोजागिरीच्या दुधात साखर कमी पडली तेव्हा ते स्वतः स्कूटर घेऊन गोल बाजारात कसे धावले तेही सांगितलं. ते सारं खरं आहे. त्यातला एकही शब्द मी खोडणार नाही. पण मीनलनं मला काल फोन केला आणि म्हणाली, "पद्मजा, तू त्यांच्या नोकरीवर बोल. त्यावर बोलायला कोणीच तयार नाही."

काहून तयार नाही? कारण भाऊ नोकरीत नेमकं काय करत होते, हे या सभागृहात फार थोड्यांना ठाऊक आहे. कोणालाही विचारा. 'गाड्यांच्या शोरूममध्ये होते' एवढंच उत्तर येईल. म्हणून म्हटलं, चला, हे काम आपण करू. जमेल तसं करू.

ज्यांना मी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मी विमा सर्व्हेअर आहे. गाडीला अपघात झाला की ती पाहायची, काय मोडलं, काय बदलावं लागेल, ते ठरवायचं, आणि दुरुस्ती झाल्यावर काढलेले जुने भाग पुन्हा एकदा डोळ्यांनी पाहून घ्यायचे, हे माझं काम. शिशिरभाऊ एका मोठ्या वर्कशॉपमध्ये अपघाताच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या विभागाचे प्रमुख होते. वर्कशॉपचं नाव मी घेत नाही. ते घेऊन आता कोणाचं काही भलं होणार नाही.

आमची पहिली भेट मला चांगली आठवते. मी या कामात नवीन होते. एका गाडीचं स्टिअरिंग उघडलेलं होतं आणि बाजूच्या टेबलावर एक काळा, ताटलीएवढा डबा ठेवला होता. वर गाडीच्या कंपनीचं चिन्ह. मी सहज उचलायला हात पुढे केला, तर मागून आवाज आला, "ताई, हात मागे."

ओरडून नाही. देवघरात कोणी चप्पल घालून शिरलं तर घरातली मोठी माणसं जशी हळू पण ठाम बोलतात ना, तसं.

तो डबा म्हणजे एअरबॅग. आपण सारे समजतो की एअरबॅग म्हणजे फुगा. फुगा असतोच, पण घडी करून ठेवलेला. त्याच्या खाली एका पोलादी कुपीत दारू असते. हो, फटाक्यात असते तशीच काहीशी. धडक झाली की तिला ठिणगी मिळते आणि डोळ्यांची पापणी लवायच्या आत फुगा फुगतो. गाडीत बसलेल्याचा जीव वाचतो. पण गाडीला धडक बसली आणि ती एअरबॅग उडालीच नाही, तर? तर ती तशीच जिवंत राहते. दुरुस्तीसाठी काढली की टेबलावर जिवंत. कपाटात ठेवली की कपाटात जिवंत.

भाऊंनी मला त्या दिवशी सगळं उभ्याउभ्या समजावलं. आधी बॅटरीची मायनस तार काढायची आणि मग थांबायचं, कारण गाडीच्या पोटात थोडा वेळ वीज उरते. तारांना मीटर लावून 'पाहू बरं करंट आहे का' हा शहाणपणा करायचा नाही. उचलताना तोंड आपल्यापासून दूर. ठेवताना तोंड वर. पालथी ठेवली आणि उडाली तर फुगा टेबलाला ढकलतो आणि तो पोलादी डबा छताकडे सुटतो. तिच्यावर काही ठेवायचं नाही, ऊन नाही, भट्टी नाही, वेल्डिंगची ठिणगी नाही.

हे बोलता बोलता त्यांनी ती उचलली आणि आत घेऊन गेले. तान्ह्या बाळानं घाण केली की बाप त्याला दोन्ही हातांनी अंगापासून दूर धरून मोरीकडे नेतो ना, अगदी तसे. मी हसले. वहिनी, तुम्हीही हसून राहिल्या आहात. पण वर्कशॉपमध्ये सगळेच हसत, आणि तिथेच तर सगळी गोम होती.

आत, मागच्या सावलीच्या बाजूला, रंगाच्या भट्टीपासून दूर, भाऊंनी एक लोखंडी कपाट मिळवलं होतं. मिळवलं म्हणते, कारण ते ऑफिसकडून कधी आलं नाही, जुन्या सामानातून त्यांनीच काढून घेतलं. काढलेल्या एअरबॅग त्यात. प्रत्येकीचं तोंड वर, एकीवर दुसरी नाही. सीटबेल्ट ओढून धरणाऱ्या यंत्रात पण तीच दारू असते, म्हणून तीही त्यातच. कपाटाला कुलूप. बाहेर हिंदीत मोठ्या अक्षरांत पाटी. एकदा एका मिस्त्रीनं कपाट उघडं पाहून आतल्या एअरबॅगवर आपला जेवणाचा डबा ठेवला. भाऊ त्याला काही बोलले नाहीत, पण त्या दिवशी ते स्वतः जेवले नाहीत. तो मिस्त्री मला नंतर म्हणाला, "दीदी, गाली दे देते तो अच्छा था।"

आता कपाट भरलं तर पुढे काय? मी माझी पाहणी करून सही केली की त्या वस्तूशी विमा कंपनीचा संबंध संपतो. गाडीमालकाला नवी मिळालेली असते. जुनी कोणाची? नियम असा की ती भंगारात द्यायच्या आधी मोकळ्या जागी, लांब तार लावून, माणसं दूर उभी करून उडवून टाकायची. एकदा उडाली की ती मेली. मग ती नुसतं प्लास्टिक आणि लोखंड. पण उडवायची तर मोठा आवाज होतो, शेजारी वस्ती आहे, वरची परवानगी पाहिजे. भाऊ दर बैठकीत हा विषय काढायचे. वरचे साहेब वाईट नव्हते, हे मी मुद्दाम सांगते. ते प्रत्येक वेळी ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "शिशिरजी, बिल्कुल करेंगे। अगले महीने देखते हैं।" तो महिना काही येत नव्हता, आणि कपाट भरत होतं.

अध्यक्षमहाराज, मला ठाऊक आहे की निरोपाच्या समारंभात गोड बोलावं. पुढचं गोड नाही. पण ते वगळून शिशिरभाऊंबद्दल बोलणं म्हणजे त्यांना अर्धाच निरोप देणं होईल. म्हणून आपली परवानगी आहे असं धरून पुढे जाते.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. श्रावणीला, म्हणजे भाऊंच्या मुलीला, नाशिकला बाळ झालं. भाऊ आणि वहिनी नातवाला पाहायला गेले. जाताना किल्ली स्टोअरमध्ये ठेवून गेले, तोंडी सांगून गेले, पाटी तर होतीच. इकडे अचानक निरोप आला की कंपनीचे मोठे लोक वर्कशॉप पाहायला येणार. मग काय, झाडा, पुसा, रंगवा! साफसफाईला बाहेरून माणसं बोलावली. त्यांना सांगितलं, मागचं सगळं मोकळं करा. त्यांनी कपाटाचं कुलूप कापलं, आतलं काळं प्लास्टिक पाहिलं आणि भंगारच्या गाडीत भरून दिलं. मोडक्या बंपर आणि दिव्यांबरोबर.

भाऊ परतले त्या दिवशी सकाळी मी तिथे दुसऱ्या एका गाडीसाठी गेले होते. त्यांनी नाशिकहून चिवडा आणला होता, तो सगळ्यांना देत देत ते मागे गेले. मी मागोमाग होते. कपाटाला नवा हिरवा रंग लागलेला. भाऊंनी दार उघडलं. आत पाहुण्यांसाठी आणलेले चहाचे कप, बशा आणि ट्रे होते. पांढरे स्वच्छ कप, ओळीनं पालथे घातलेले.

 भाऊंनी चिवड्याची पिशवी तिथेच खाली ठेवली आणि मला म्हणाले, "पद्मजाताई, तुमची गाडी आहे ना? मले बीरगावले जायचं आहे. आत्ता."

बीरगावला भंगारवाले पुष्कळ. या वर्कशॉपचा माल चिराग नावाच्या माणसाकडे जायचा. बापाचा धंदा सांभाळणारा, दोन मुलांचा बाप, शांत माणूस. भाऊंनी त्याला विचारलं, "काले गोल डब्बे थे, कुछ लंबे वाले भी, लोहे की पट्टी लगी हुई?" चिराग म्हणाला, "हाँ भैया, आए थे। वो तो तोड़ने को दे दिए। प्लास्टिक अलग, लोहा अलग, मेरे यहाँ थोड़ी होता है।" भाऊंनी त्याला आत काय आहे ते सांगितलं. चिराग ताडकन उठला. तो म्हणाला, "दयाराम के यहाँ गए हैं। पटरी के उस पार। मैं साथ चलता हूँ।" दुकान तसंच उघडं टाकून तो माझ्या गाडीत बसला.

दयाराम आपल्या घरच्या अंगणात भंगार तोडायचा. नवरा-बायको दोघं मिळून. प्लास्टिक, लोखंड, तांब्याची तार, सगळं वेगळं करून परत चिरागला द्यायचे. त्या पाऱ्यात, त्या वस्तीत, कितीतरी घरांत हेच काम चालतं.

आम्ही निघालो आणि रेल्वेचं फाटक लागलं. बंद. समोरून मालगाडी हळूहळू जाऊन राहिली होती, एकेक डबा खडखडत. तुम्ही रायपूरची माणसं आहात. आपल्याकडची मालगाडी किती लांब असते, हे मी काय सांगू? चिरागनं दयारामला फोन लावला. त्याच्या बायकोनं उचलला. तिचं नाव सुकवारो. चिरागनं फोन मोठ्या आवाजावर टाकून भाऊंच्या हातात दिला.

भाऊ म्हणाले, "बाई, दयाराम कहाँ है?"

"काम म बइठे हे भैया, आँगन म।"

"क्या काम कर रहा है? वो काले डब्बे वाला?"

"हव। बोल्ट नइ खुलत हे, त गैस कटर ले काटत हे।"

भाऊंचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता. तेव्हाही तो चढला नाही. उलट आणखी हळू झाला, शब्द न् शब्द तिच्या डोक्यात नीट जावा म्हणून. "सुनो बाई। उसको बोलो आग बंद करे। हाथ मत लगाए। पीछे हट जाए। तुम पास मत जाना, दूर से चिल्लाकर बोलो। अभी बोलो।"

"हव भैया, बोलत हँव।"

तिनं फोन बंद केला नाही, तसाच हातात धरला. आम्हाला तिच्या बांगड्या ऐकू आल्या, पायांचा आवाज ऐकू आला. मग तिनं हाक मारली, "सुनत हव का? ओ..."

आणि मग तो आवाज आला. मी धडाम म्हणणार नाही. फोनमधून तो तेवढा मोठा आला नाही. कोरडा, एकच, जणू कोणीतरी जोरात फळी आपटावी. त्यानंतर सुकवारोचं ओरडणं.

फाटक बंदच होतं. मालगाडी संपली नव्हती. भाऊ गाडीतून उतरले आणि फाटकाच्या दांड्याला दोन्ही हातांनी धरून उभे राहिले. पलीकडे घरं दिसत होती, डब्यांच्या मधल्या फटींतून. फोन माझ्या शेजारच्या सीटवर पडला होता आणि ती ओरडत होती. मी तो बंद करू शकले असते, पण माझा हात गेला नाही. आम्ही तिघं धडधाकट माणसं, आणि आमच्याने काही म्हणजे काही होत नव्हतं.

आम्ही पोचलो तेव्हा अंगणात गर्दी जमली होती. दयाराम भिंतीला टेकून बसला होता. उजव्या हाताला सुकवारोचा पदर गुंडाळलेला. डोळ्यातून रक्त येत होतं. ती स्वतः दारात असल्यानं वाचली होती. चिरागनं आणि मी त्याला उचललं. मी वळून म्हटलं, "भाऊ, चला, पाय धरा त्याचे." आणि भाऊ आले नाहीत.

ते आधी गॅसच्या सिलिंडरकडे गेले आणि त्यांनी चावी बंद केली, कारण कटर जमिनीवर तसाच पेटलेला होता. मग ते बाकीच्या एअरबॅगांकडे वळले. त्या तिथेच विखुरलेल्या होत्या. काही उन्हात, एक पालथी, आणि लोक त्यांना पायानं बाजूला सारत होते. भाऊ एकेक उचलू लागले, तोंड अंगापासून दूर धरून, आणि पडवीच्या सावलीत मांडू लागले. सगळ्यांना ओरडून मागे सारत होते. लोकांना काय दिसलं असेल, विचार करा. एका माणसाचा हात तुटला आहे, आणि वर्कशॉपमधून आलेला हा पँट-शर्टवाला माणूस कबाड गोळा करतो आहे! एकजण ओरडला, "आदमी मर रहा है और इसको अपना सामान दिख रहा है!"

मी दयारामला घेऊन हॉस्पिटलमध्ये गेले. सुकवारो मागच्या सीटवर त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. ती रस्ताभर एकच बोलत होती, "मैं बोले रहेंव ओला, मैं बोले रहेंव।" म्हणजे, मी त्याला सांगितलं होतं, मी हाक मारली होती. जणू तिच्याकडूनच काही चूक झाली असावी. मी तिला म्हटलं, "नहीं बाई, तुम्हारा कुछ दोष नहीं।" पण तिला ते ऐकू गेलं की नाही कोण जाणे.

दुपारी मी परत अंगणात गेले तेव्हा भाऊ तिथेच उभे होते. पोलिसांची गाडी येईपर्यंत त्यांनी त्या पडवीसमोरून पाय हलवला नव्हता. गाल सुजला होता. गर्दीतल्या कोणीतरी त्यांना मारलं होतं. वहिनी, हे तुम्हाला ठाऊक नाही. त्यांनी तुम्हाला दात दुखतो म्हणून सांगितलं होतं. माझ्याकडून वचन घेतलं होतं, ते मी आज मोडते आहे. भाऊ, रागवायचं असेल तर नाशिकला जाऊन रागवा.

त्या दिवशी त्यांनी तिथे उभं राहून आणखी कोणाचा तरी जीव वाचवला, असं मी म्हणू शकते. पण ते स्वतः तसं म्हणत नाहीत. मी एकदा म्हणून पाहिलं, तर म्हणाले, "वाचवला का नाही वाचवला, कोणाले माहीत ताई? जो गेला तो हात दिसतो. बाकी दिसत नाही."

दयाराम जगला. उजव्या हाताचा अंगठा आणि करंगळी राहिली, मधली बोटं गेली. एक डोळा गेला. भाऊ त्याला पाहायला जात. एकदा मी बरोबर होते. दयारामनं विचारलं, "साहब, उसमें था क्या?"

भाऊंनी सांगितलं. गाडी ठोकली तर माणसाचा जीव वाचावा म्हणून ते बसवतात, हेही सांगितलं.  दयाराम म्हणाला, "उस पर लिखा नहीं रहता?"

"लिहिलेलं असतं. पिवळ्या कागदावर. इंग्रजीत," असं भाऊ मला मराठीत म्हणाले. 

चौकशी झाली. बाहेरून आलेल्या सफाईवाल्यांना ठाऊक नव्हतं, त्यांना बोलावणाऱ्यांच्या ध्यानात आलं नाही, चिरागला कोणी सांगितलं नाही. कोणाचाच दोष निघाला नाही. वर्कशॉपनं इलाजाचा भार उचलला, हे मान्य करते. भाऊंनी दयारामला तिथे कामाला घ्या म्हणून फार खटपट केली. पहारा दे, झाडलोट कर, काहीही. साहेब म्हणाले, "शिशिरजी, एक हाथ, एक आँख... उसको रखेंगे तो रोज वही बात याद आएगी सबको।" भाऊ म्हणाले, "वही तो चाहिए सर।" पण ते झालं नाही.

मात्र एक झालं. एअरबॅग उडवायची परवानगी लगेच मिळाली. मागच्या मोकळ्या जागेत खड्डा केला, लांब तार आणली, आणि वर्कशॉपची सगळी माणसं पाहायला जमली. पहिली उडाली तेव्हा माती वर गेली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी पण वाजवल्या. भाऊंनी तारेची टोकं बॅटरीपासून सोडवली आणि पुढची जोडायला घेतली. मी त्यांच्याकडे पाहत होते. त्यांनी मान वर केली नाही.

आता तुम्ही म्हणाल, चला, निदान पुढे तरी नीट झालं. एका वर्कशॉपमध्ये झालं हो! पण आज रस्त्यावरच्या प्रत्येक नव्या गाडीत एअरबॅग आहे. एकीत किती तरी आहेत. त्या गाड्या जुन्या होऊन राहिल्या आहेत, ठोकून राहिल्या आहेत, आणि गल्लीबोळांतल्या गॅरेजमध्ये उघडल्या जाऊन राहिल्या आहेत. मागच्या दिवाळीच्या आसपास मी एका गॅरेजमध्ये गेले, तर एअरबॅग स्कूटरच्या सीटवर पालथी. मी भाऊंना फोन केला. ते निवृत्त झाले होते, तरी आले. गॅरेजवाल्यानं त्यांना खुर्ची दिली, चहा पाजला, सगळं आदरानं ऐकलं. "हव भैया, हव भैया" म्हणाला. आम्ही गाडीत बसलो आणि मी मागे पाहिलं, तर त्यानं ती सरळ केली होती, आणि वर पान्यांचा ट्रे ठेवला होता.

भाऊ लगेच उतरले नाहीत. मला म्हणाले, "पद्मजाताई, मी सांगून राहिलो, ते ऐकून राहिले. मग होत काहून नाही?" मग थोड्या वेळानं दार उघडून उतरले, आणि तो ट्रे स्वतः उचलून खाली ठेवून आले.

आता शेवटचं सांगते आणि बसते. मीनल घड्याळ दाखवून राहिली आहे.

दयाराम आज काय करतो? तेच करतो. अंगणात बसून भंगार तोडतो. डाव्या हातानं. सुकवारो बरोबर असते. दुसरं काम कोण देणार? फक्त एक फरक पडला. ओळखू न येणारी कुठलीही वस्तू आली की सुकवारो तिचा फोटो काढून भाऊंना पाठवते आणि विचारते, "भैया, ए ह का ए?" हे काय आहे? इतकी वर्षं भाऊंनी तिच्या प्रत्येक फोटोला उत्तर दिलं. बहुतेक वेळा तो गाडीचा पंप असतो, नाहीतर मिक्सरची मोटर. पण कधी कधी नसतो. मग भाऊ स्कूटर काढून बीरगावला जात आणि ती वस्तू उचलून वर्कशॉपच्या खड्ड्यात नेऊन उडवत. वहिनींना वाटे, तबल्याच्या तालमीला गेले.

आता भाऊ नाशिकला चालले आहेत, नातवाजवळ. जायलाच पाहिजे. त्यांनी सुकवारोला माझा नंबर दिला. मी म्हटलं, "भाऊ, मी मोडलेल्या गाड्या पाहणारी बाई. मला त्या फोटोतलं काय कळणार?" ते म्हणाले, "नाही कळलं तर मले पाठवा. तोवर तिले सांगा, हात लावू नका म्हणून."

परवा पहिला फोटो आला. काळं, लांबट काहीतरी होतं, मातीनं भरलेलं. मला कळलं नाही. मी भाऊंना पाठवला. ते सामान बांधण्यात होते, फोन कुठल्याशा खोक्याखाली होता, उत्तर येईना. मी सुकवारोला फोन केला आणि म्हटलं, "बाई, उसको हाथ मत लगाना।"

ती म्हणाली, "हव दीदी।" मग म्हणाली, "फेर कब तक नइ छुबो दीदी? घर म त इही काम हे।" कुठवर हात लावायचा नाही? आमच्या घरात तर हेच काम आहे.

तिनं हे तक्रारीनं विचारलं नाही. खरोखर विचारलं. मी माझ्या चौबे कॉलनीच्या घरात फोन कानाशी धरून एवढंच म्हटलं, "भैया का जवाब आने दो बाई।" भाऊंचं उत्तर संध्याकाळी आलं. ती नुसती वायपरची मोटर होती. सुकवारोनं तोवर वाट पाहिली होती. दिवसभर त्या वस्तूला वळसा घालून चालत राहिली होती.

शिशिरभाऊ, तुम्ही सुखानं जा. वहिनी, त्यांना नाशिकला तबला वाजवू द्या. मंडळानं मला इथे उभं केलं, बाबारावजींनी मध्येच थांबवलं नाही, आणि तुम्ही सर्वांनी जेवणाची वेळ टळूनही हे ऐकून घेतलं, त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे. माझी मराठी रायपूरची, तिच्यात हिंदी शिरते, छत्तीसगढी शिरते, आणि आज तर निरोपाच्या मंगल प्रसंगी नको तेही शिरलं. कुणाचं मन दुखावलं असेल, एखादं नाव मानानं घ्यायचं राहून गेलं असेल, तर मला आपल्यातलीच समजून पोटात घाला. सुकवारोच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्यापैकी कोणाजवळ असेल, तर कार्यक्रम संपल्यावर मला जरूर भेटा. मी दाराशी उभी राहीन.

नमस्कार.